झारी परदेशी, पण झिलई कुणाची?

चिनी मातीच्या जुन्या भांड्यांवरचं एखादं पुस्तक उघडा किंवा संग्रहालयातल्या कपाटासमोर उभे राहा, एक शब्दप्रयोग हमखास भेटतो: ‘परकीय प्रभाव’. पक्ष्याच्या तोंडाची, लांब मानेची झारी दिसली की इराणी प्रभाव. द्राक्षवेल दिसली की ग्रीक-रोमन प्रभाव. कमळाच्या पाकळ्या दिसल्या की भारतीय प्रभाव. यात चूक काय, असं तुम्ही विचाराल. तसं पाहिलं तर काहीच नाही. अडचण एवढीच की हा शब्द वाचून आपल्याला काहीतरी समजल्यासारखं वाटतं आणि आपण पुढच्या कपाटाकडे वळतो. नेमकं काय आलं, कुणी आणलं, कुणी घेतलं आणि घेऊन त्याचं काय केलं, हे प्रश्न तिथेच पडून राहतात.

आज या शब्दाची जरा झडती घेऊ. माझं म्हणणं थोडक्यात असं: चीनच्या सुरुवातीच्या झिलईदार भांड्यांत बाहेरून आलेलं बरंच काही आहे, पण ते बहुतेक वेळा आकारात, नक्षीत आणि हौसेत आहे. भट्टीतल्या कृतीत ते खूपच कमी आहे. या दोन गोष्टी एका शब्दात कोंबल्या की कुंभाराचं श्रेय व्यापाऱ्याच्या खात्यावर जमा होतं.

आधी बरणी समजून घेऊ

घरातली लोणच्याची बरणी आठवा. तिच्या आत-बाहेर जो गुळगुळीत, चकचकीत थर असतो ती झिलई. मुळात ती काचच असते. फरक इतकाच की ती भांड्याच्या अंगावर वितळून तिथेच गोठलेली असते. वाळूतली सिलिका हा काचेचा गाभा. पण नुसती सिलिका वितळवायची तर १७०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं, आणि ते जुन्या भट्ट्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून सिलिकेत असं काहीतरी मिसळावं लागतं, की ती कमी तापमानाला वितळेल. ते ‘काहीतरी’ काय आहे, यावरून झिलईचं घराणं ठरतं.

ढोबळमानाने तीन घराणी धरू. पहिलं सोड्याचं. इजिप्त आणि पश्चिम आशियातल्या जुन्या झिलया या घराण्यातल्या. दुसरं लाकडाच्या राखेचं, म्हणजे मुख्यतः राखेतल्या चुन्याचं. त्यासाठी भट्टी १२०० अंशांच्या वर न्यावी लागते. तिसरं शिशाचं. शिसं घातलं की ९०० ते १००० अंशांत काम भागतं, झिलई छान चमकते आणि साध्या मातीवरही नीट बसते. तोटा एकच: आंबट पदार्थात शिसं उतरतं. हान काळातल्या सुंदर हिरव्या बरणीत कैरीचं लोणचं घातलं असतं, तर ते विषारी झालं असतं. पण ती भांडी बहुतेक करून थडग्यात ठेवण्यासाठीच बनत, त्यामुळे तक्रार करायला कुणी नव्हतं.

ही तीन घराणी लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद यांच्यावर उभा आहे.

लाउफर काय म्हणाले होते

‘परकीय प्रभाव’वाल्या मांडणीत सगळ्यात वजनदार नाव बर्थोल्ड लाउफर यांचं. जन्माने जर्मन, नोकरी शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये. चिनी, तिबेटी, संस्कृत ग्रंथ मुळातून वाचणारा माणूस. शिवाय चीनमध्ये प्रत्यक्ष हिंडून त्यांनी संग्रह जमवला होता. १९०९ मध्ये हान काळातल्या भांड्यांवर आणि १९१७ मध्ये चीनमधल्या पोर्सेलिनच्या उगमावर त्यांची पुस्तकं आली. दुसऱ्या पुस्तकासाठी तर त्यांनी नमुन्यांचं रासायनिक पृथक्करण करून घेतलं. त्या काळात एवढी तसदी फार थोडे लोक घेत. त्यांचा निष्कर्ष असा की मातीच्या भांड्याला झिलई देण्याची विद्या चीनची स्वतःची नव्हे, ती हान काळात पश्चिमेकडून आली.

त्यांच्यासमोर जो पुरावा होता, त्यावर हा निष्कर्ष पटण्यासारखाच होता. इजिप्त आणि मेसोपोटेमियात झिलई फार जुनी. हान सम्राटांनी इ.स.पू. दुसऱ्या शतकात मध्य आशियाकडचे रस्ते खुले केले. आणि तेव्हा माहीत असलेली चीनमधली झिलईदार भांडी नेमकी हान थडग्यांपासून सुरू होत होती. दोन आणि दोन चार.

गडबड अशी झाली की दोनपैकी एक ‘दोन’ अजून जमिनीखाली होता. शांग राजवंशाची राजधानी असलेल्या आन्यांगचं शास्त्रीय उत्खनन १९२८ मध्ये सुरू झालं. १९५० च्या दशकात झेंगझोऊला त्याहून जुने थर उघडे पडले. तिथे झिलईदार भांडी मिळाली, तीही इ.स.पू. १५०० च्या आसपासची, म्हणजे हान सम्राटांच्या तेराशे वर्षं आधीची. ही भांडी राखेच्या घराण्यातली आहेत. उच्च तापमानात भाजलेली, हिरवट-पिवळसर पातळ झिलईची. चिनी अभ्यासक त्यांना ‘आद्य पोर्सेलिन’ म्हणतात. दक्षिणेकडे झेजियांगमध्ये, देचिंगच्या परिसरात, अशी भांडी भाजणाऱ्या जुन्या भट्ट्याच सापडल्या आहेत.

ही झिलई बहुधा भट्टीतच सुचली असणार. लाकडाची राख उडून तापलेल्या भांड्यांच्या खांद्यावर बसते, वितळते, आणि कुंभाराला आयती चमक दिसते. मग तो मुद्दाम राख कालवून लावायला लागतो. त्यासाठी कुठल्या व्यापाऱ्याची वाट बघायची गरज नाही. गंमत म्हणजे उत्तर मेसोपोटेमिया आणि सीरियात मातीच्या भांड्यांवर सोड्याची झिलई दिसू लागते तीही साधारण याच काळात, इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्यावर. एकच काळ, पण घराणी पूर्ण वेगळी. एकीकडे सोडा आणि मंद आच, दुसरीकडे राख आणि प्रखर आच. याला नक्कल म्हणता येणार नाही.

तर लाउफर यांचा मोठा सिद्धान्त पडला. पण त्याची एक छोटी आवृत्ती मागे उरली आणि ती अजून जिवंत आहे: बरं, झिलई तुमची. पण शिशाची झिलई? ती तरी बाहेरून आली ना?

डोळ्यांच्या मण्यांची साक्ष

हा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. रोमन जगात, आशिया मायनरच्या बाजूला, शिशाची झिलई इ.स.पू. पहिल्या शतकात दिसते. चीनमधली हिरवी-तपकिरी शिशाची झिलई हान काळात बहरते. दोन्हींत शिशाचं प्रमाण भरपूर, बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त. हिरव्या रंगासाठी दोन्हीकडे तांबं. इतकं साम्य बघून मन लगेच रेघ ओढतं: रोम ते चांगआन.

पण रेघ ओढण्याआधी चीनमध्येच दोनतीनशे वर्षं मागे जाऊ, युद्धरत राज्यांच्या काळात (इ.स.पू. ४७५ ते २२१). या काळातल्या श्रीमंत थडग्यांत काचेचे मणी मिळतात. त्यांच्यावर एकात एक वर्तुळं असतात, डोळ्यांसारखी. हे ‘डोळ्यांचे मणी’ मूळचे भूमध्यसागर आणि पश्चिम आशियाकडचे. दृष्ट लागू नये म्हणून घालायचे, आपल्याकडच्या काळ्या मण्यांचे दूरचे भाऊबंद म्हणा. हुबेई प्रांतात झेंग राज्याच्या यी या राजाचं थडगं १९७८ मध्ये खणलं गेलं. इ.स.पू. ४३३ च्या सुमाराच्या त्या थडग्यात असे मणी होते, आणि त्यांची काच सोडा-चुन्याची, म्हणजे पश्चिमेकडच्या घराण्यातली. हा माल बाहेरून आलेला, यात शंका नाही.

त्यानंतरच्या थडग्यांत तसेच मणी मिळतात. तीच वर्तुळं, तेच डोळे. पण काच बदललेली. तिच्यात शिसं आहे आणि त्याच्या जोडीला बेरियम. हॉरेस बेक आणि सी. जी. सेलिगमन यांनी १९३४ मध्ये ‘नेचर’मध्ये चिनी काचेतल्या या बेरियमकडे लक्ष वेधलं. पश्चिमेकडच्या प्राचीन काचेत अशी शिसं-बेरियमची जोडी नेहमीची नाही, ती चीनचीच खूण. म्हणजे चिनी कारागिराने बाहेरचा मणी पाहिला, तो त्याला आवडला किंवा गिऱ्हाइकाला आवडला, आणि त्याने तो आपल्या हाताशी असलेल्या मालमसाल्यातून नव्याने बनवला. काशाच्या ओतकामासाठी शिसं त्याच्याकडे पिढ्यानपिढ्या होतंच.

आता झिलईकडे या. याच काळातली काही मोजकी मातीची भांडी उरली आहेत, त्यांच्यावर काचेच्या लगद्याने ठिपके आणि वर्तुळं काढलेली आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये असं एक झाकणाचं भांडं आहे. डोळ्यांचा मणी जणू भांड्याच्या अंगावर पसरलाय. शिसं घातलेली काच मातीवर वितळवण्याचा प्रयोग हान काळाच्या आधीच, चीनमध्येच झाल्याची ही साक्ष.

इथे लाउफर यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हान काळातल्या बहुतेक हिरव्या झिलईत बेरियम नाही. म्हणजे मणी, लगदा आणि हिरवी झिलई अशी सरळ वंशावळ मांडता येत नाही. मधे एक पायरी निसटते. पण निसटलेल्या पायरीवर आपोआप रोमचं नाव लिहायचं, हे कुठलं शास्त्र? दोन्हीकडे शिसं होतं, दोन्हीकडे तांबं होतं, दोन्हीकडे भट्टी होती. आणि दोन्हीकडचा काळ इतका जवळजवळ आहे की कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवण्यातच दमछाक होते. अशा वेळी साम्य हा प्रश्न असतो, ते उत्तर मानून चालत नाही.

वैदूर्याचा प्रवास

लाउफर यांचा दुसरा आधार ग्रंथांचा होता, आणि इथे आपला थेट संबंध येतो. चिनी भाषेत रंगीत काचेला आणि शिशाच्या झिलईच्या कौलांना ‘लिउली’ म्हणतात. हा शब्द चिनी नाही. संस्कृतातलं वैदूर्य, पाली-प्राकृतातलं वेळुरिय, तेच चिनी उच्चारात ‘बी-लिउली’ झालं आणि पुढे झिजून ‘लिउली’ राहिलं. रत्नाचं नाव काचेला मिळालं आणि काचेचं झिलईला. नाव भारतातून गेलं, मग विद्याही बाहेरूनच गेली असणार, असं वाटणं साहजिक आहे.

पण शब्दाचा प्रवास आणि कृतीचा प्रवास एकच नसतो. आपल्याकडचा पाव घ्या. शब्द पोर्तुगीज, आकार पोर्तुगीज, खाण्याची सवयही त्यांचीच. पण गोव्यात तो फुगवला माडाच्या सुरेने. नुसता शब्दाचा माग काढणाऱ्याला ती सूर कधी दिसणारच नाही.

चिनी इतिहासग्रंथांत लिउलीच्या दोन गोष्टी आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली उत्तरेकडच्या राजवंशांच्या इतिहासातली. पाचव्या शतकात, उत्तर वेई सम्राट ताइवू याच्या काळात, युएझी देशाचा एक व्यापारी राजधानीत आला. युएझी म्हणजे ढोबळमानाने आजचा अफगाणिस्तान आणि त्याच्या आसपासचा पट्टा. दगड वितळवून पाच रंगांची लिउली करता येते, असं तो म्हणाला. डोंगरातून खनिज आणून त्याने ती राजधानीतच करून दाखवली, आणि ती पश्चिमेकडून येणाऱ्या मालापेक्षा सरस निघाली. तिचा एक मंडपच उभारला गेला, शंभरावर माणसं मावतील एवढा. मग लिउली इतकी स्वस्त झाली की तिचं कुणाला अप्रूप राहिलं नाही. ही गोष्ट ‘परकीय प्रभावा’ची पाठराखण करते, हे मान्य. इथे माणूसच चालत आला, कृती डोक्यात घेऊन. तरी खनिज इथल्याच डोंगरातलं, हे लिहिणाऱ्याने आठवणीने नोंदवलंय.

दुसरी गोष्ट सुई राजवंशाच्या इतिहासातली, दीडएकशे वर्षांनंतरची. लिउली करण्याची कला चीनमध्ये केव्हाच लोपली होती, कारागीर तिच्या वाटेला जायला धजत नव्हते. हे चोउ नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने ती हिरव्या झिलईच्या भांड्यांच्या तंत्राने बनवली आणि ती अस्सलपेक्षा वेगळी ओळखू येईना. याच माणसाने इराणी किनखापाच्या तोडीचं कापडही विणवून घेतलं होतं. म्हणजे काच हवी होती, ती कुंभारकामातून मिळवली. हौस बाहेरची, उत्तर इथलं.

आणि हा हे चोउ कोण? त्याचं घराणं मध्य आशियातलं. आजोबा व्यापारासाठी आले आणि सिचुआनमध्ये स्थायिक झाले. आता ठरवा, त्याने केलेली लिउली ‘परकीय’ की ‘चिनी’? दोन पिढ्या तिथे राहिलेल्या माणसाला बाहेरचा म्हणायचं असेल, तर त्याने वापरलेल्या हिरव्या झिलईला काय म्हणायचं? ‘प्रभाव’ या शब्दाला आधी दोन वेगवेगळे गट लागतात, एक देणारा आणि एक घेणारा. सहाव्या शतकातल्या चीनमध्ये ते एकाच घरात जेवत होते.

चामड्याचा बुधला, चांदीचा पेला

आकार आणि नक्षी यांच्या बाबतीत मात्र बाहेरची देणी अगदी उघड आहेत आणि ती नाकारण्यात काही अर्थ नाही. आन्यांगजवळ १९७१ मध्ये फान त्सुइ या उत्तर ची राजवटीतल्या सेनापतीचं थडगं खणलं गेलं. दफन ५७५ मधलं. त्यात पिवळसर-तपकिरी झिलईचे चपटे बुधले होते. आकार सरळ सरळ घोडेस्वाराच्या कमरेच्या चामडी बुधल्याचा. अंगावर उठावात एक दृश्य: मधे कमळाच्या आसनावर नाचणारा मध्य आशियाई पुरुष, दोन्ही बाजूंना साथीदार, त्यातल्या एकाच्या हातात पिपा.

यात आकार भटक्यांचा, नाच मध्य आशियाचा, कमळ बौद्ध धर्मासोबत आलेलं. पण चामड्याची शिवण मातीत साच्याने दाबून काढलीय, रंग झिलईचा आहे, आणि मालक ची दरबारचा सेनापती. त्याला हे भांडं परलोकात सोबत हवं होतं. ‘मध्य आशियाई प्रभाव’ या दोन शब्दांत यातलं निम्मंसुद्धा बसत नाही.

तांग काळात (६१८ ते ९०७) हे प्रकरण धातूच्या भांड्यांकडे वळतं. शीआनच्या हेजियात्सुन इथे १९७० मध्ये सोन्याचांदीचा मोठा ठेवा सापडला. त्यातला एक अष्टकोनी सोन्याचा पेला सोग्दियन धाटणीचा आहे, कडीच्या कानाचा, अंगावर वादक. अशाच कडीचे मातीचे पेले कुंभारांनी केले. मार्गारेट मेडली यांनी १९७२ मध्ये धातूकाम आणि चिनी मृत्पात्रं यांच्या नात्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि तेव्हापासून हा मुद्दा अभ्यासकांच्या हाडीमाशी मुरला आहे.

माझी तक्रार मेडली यांच्या निरीक्षणाबद्दल नाही. पुढच्यांनी त्याचं जे सूत्र करून टाकलं त्याबद्दल आहे: चांदी हे मूळ, माती ही स्वस्त नक्कल. चांदीत कडी झाळून बसवतात, मातीत ती ओल्या चिखलाने चिकटवावी लागते आणि भाजताना तडकू शकते. चांदीवर नक्षी ठोकून, कोरून येते आणि तिची रेघ न् रेघ धारदार राहते. तांगच्या त्रिरंगी भांड्यांवर, ज्यांना ‘सानत्साइ’ म्हणतात, शिशाची झिलई भट्टीत ओघळते. हिरवा पिवळ्यात उतरतो, पिवळा पांढऱ्यात. साच्यातून काढलेली उठावाची नक्षी त्याखाली अर्धी झाकली जाते. नक्कलच करायची असती तर कुंभाराने ही ओघळ आवरली असती. त्याने ती वाढवली. मेणाने जागा राखून, ठिपके टाकून, रंगांना एकमेकांत मुद्दाम मिसळू दिलं. चांदीत जे जमूच शकत नाही, ते त्याने भांड्याचं मुख्य आकर्षण केलं.

इथे आणखी एक गल्लत नेहमी होते. शीआनमध्ये ७२३ सालच्या एका थडग्यात सानत्साइचा प्रसिद्ध उंट मिळाला, पाठीवर वादक आणि नाचणारा घेतलेला. त्यात परदेशी माणसं आहेत म्हणून तो ‘परकीय प्रभावा’च्या यादीत जातो. पण परदेशी माणसाचं चित्रण म्हणजे परदेशी प्रभाव नव्हे. तो चिनी कुंभाराने चिनी गिऱ्हाइकासाठी केलेला, रस्त्यावर दिसणाऱ्या परक्यांचा देखावा आहे.

निळ्या रंगाचं काय?

आता माझ्या म्हणण्याला सगळ्यात अवघड जाणारं उदाहरण घेऊ. सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सानत्साइवर निळा रंग दिसू लागतो. तो कोबाल्टचा. चीनमध्ये नंतरच्या काळात वापरलेल्या स्थानिक कोबाल्टच्या खनिजात मँगनीज भरपूर असतं, तांग काळातल्या निळ्यात ते कमी. त्यामुळे हा रंग बाहेरून आला असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे इथे आकाराबरोबर कच्चा मालही परदेशी असण्याची दाट शक्यता.

पुढची पायरी समुद्रात सापडली. १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ एका बुडालेल्या गलबताचा शोध लागला. गलबत अरबी धाटणीचं, फळ्या खिळ्यांऐवजी दोरीने शिवलेल्या. आत सुमारे ६०,००० चिनी भांडी, बहुतेक हुनान प्रांतातल्या चांगशाच्या भट्ट्यांची. एका वाडग्यावर ८२६ सालाशी जुळणारी तारीख कोरलेली. आणि त्या ढिगात तीन अखंड ताटल्या, पांढऱ्यावर निळ्या नक्षीच्या, हेनान प्रांतातल्या गोंगशियानच्या भट्ट्यांच्या मानल्या जाणाऱ्या. त्यांच्यावरचं शंकरपाळ्याच्या आकाराचं पानांचं चिन्ह अब्बासी इराकच्या भांड्यांवरही दिसतं.

मग झाला ना सिद्ध परकीय प्रभाव? थांबा, त्याच वेळी इराकमध्ये काय चाललं होतं तेही बघू. बसऱ्याच्या कुंभारांना चीनची पांढरीशुभ्र भांडी भुरळ घालत होती. पण तिथे ना तशी पांढरी माती, ना तशी प्रखर भट्टी. त्यांनी काय केलं? झिलईत कथील घालून ती दुधासारखी अपारदर्शक केली, म्हणजे खालची पिवळट माती लपली, आणि वर कोबाल्टने निळी नक्षी काढली. तिकडे गोंगशियानचा कुंभार त्या गिऱ्हाइकाच्या आवडीचं चिन्ह, बहुधा त्याच्याच कोबाल्टने, आपल्या पांढऱ्या भांड्यावर काढत होता. त्याने कथिलाची झिलई उचलली नाही, त्याला तिची गरजच नव्हती. बसऱ्याच्या कुंभाराने उच्च तापमानाची भट्टी उचलली नाही, त्याला ती परवडणारी नव्हती.

दोघांनीही एकमेकांकडून हौस घेतली आणि उत्तर घरचं दिलं. इथे प्रभाव कुणाचा कुणावर? चीनचा इराकवर लिहिलं तरी अर्धं खरं, इराकचा चीनवर लिहिलं तरी अर्धंच.

उलट टोकही धोक्याचं

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, चला, म्हणजे सगळं चीनचंच. तेही नको. ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ हा सूर कुठल्याही देशात लवकर लागतो, आपल्यालाही तो अनोळखी नाही. युएझी व्यापाऱ्याला गोष्टीतून वगळून लिउलीचा इतिहास लिहिता येत नाही, आणि डोळ्यांचा पश्चिमी मणी पाहिला नसता तर चिनी कारागिराने तसा मणी केला नसता. कृती घरची म्हणजे भिंती बंद, असा अर्थ काढू नये.

रसायनशास्त्राचीही मर्यादा आहे. झिलईत शिसं किती, बेरियम किती, हे यंत्र सांगतं. कल्पना कुठून आली, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी भांडं कुठे, कुणाच्या थडग्यात, कशाच्या शेजारी मिळालं हे माहीत असावं लागतं. आणि नेमकं तेच अनेकदा हरवलेलं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुओयांगजवळ रेल्वेमार्ग टाकताना तांग थडगी उघडी पडली आणि सानत्साइ भांडी बाजारात आली. जगभरच्या संग्रहांतली कितीतरी भांडी त्या बाजाराच्या वाटेने गेलेली आहेत, मूळ जागेच्या नोंदीविना. बेलितुंगचा मालही शास्त्रीय उत्खननातून आलेला नाही, तो व्यावसायिक कंपनीने उपसून काढला. त्यावरून पुरातत्त्वज्ञांनी एवढा आक्षेप घेतला की २०११ मध्ये स्मिथसोनियनने वॉशिंग्टनमधलं नियोजित प्रदर्शन लांबणीवर टाकलं.

नोंद नसलेल्या भांड्याबद्दल बोलताना आपल्याकडे फक्त त्याचा चेहरा उरतो. आणि चेहऱ्यावरून बोलायचं म्हटलं की ‘प्रभाव’ हा शब्द आपसूक तोंडात येतो. आकार ओळखता येतो, गिऱ्हाईक ओळखता येत नाही. म्हणून हा शब्द इतका बोकाळलाय, असं माझं मत आहे. त्यात सिद्धान्ताचा दोष कमी, लुटीचा जास्त.

तेव्हा पुढच्या वेळी तुम्ही अशा एखाद्या कपाटासमोर उभे राहिलात आणि पाटीवर तो शब्द दिसला, तर पाच गोष्टी वेगवेगळ्या विचारा: आकार कुणाचा, नक्षी कुणाची, माल कुठला, कृती कुणाची, आणि हे हवं होतं कुणाला. पाटी यासाठी फार लांबवावी लागते असंही नाही. फान त्सुइच्या बुधल्याची पाटी मी अशी लिहीन: ‘उत्तर ची, ५७५. आकार घोडेस्वाराच्या चामडी बुधल्याचा. दृश्य मध्य आशियाई नाचाचं, खाली बौद्ध कमळ. साच्यात दाबून, झिलई देऊन चीनमध्ये केलेला. ची राजवटीतल्या एका सेनापतीच्या थडग्यातून.’ पाच छोटी वाक्यं. त्यात कुंभाराला जागा आहे, आणि व्यापाऱ्यालाही.